पिशवी, नळी आणि भूक : जठराच्या शस्त्रक्रियांची सत्तर वर्षं

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांची चिठ्ठी आली. 'तत्त्वज्ञानाच्या माणसानं पोटाच्या ऑपरेशनांवर बोलायचं काय कारण?' प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर आहोत ते पदवीच्या कागदावरचे. सोसायटीतल्या पाटीवर 'डॉ.' वाचून एक आजी रक्तदाब तपासून घ्यायला आल्या होत्या, त्यांना आम्ही चहा पाजून परत पाठवलं. तेव्हा आज इथे कुणाला वैद्यकीय सल्ला मिळणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही बोलणार आहोत इतिहासाबद्दल, आणि त्या इतिहासानं आमची एक जुनी समजूत कशी मोडली त्याबद्दल.

समजूत अशी. आम्ही तीसेक वर्षं बी.ए.च्या वर्गाला ॲरिस्टॉटल शिकवला. त्याच्या नीतिशास्त्रात 'अक्रेसिया' नावाची संकल्पना येते. आपल्याकडे तिला नेमकं बोलीतलं नाव आहे : कळतं पण वळत नाही. माणसाला योग्य काय ते माहीत असतं, तरी तो उलट वागतो. हे कसं शक्य आहे? ॲरिस्टॉटल तिथे गोड पदार्थाचं उदाहरण घेतो. आम्ही त्याचा लाडू केला. 'लठ्ठ माणसाला माहीत आहे की लाडू खाऊ नये, तरी हात डब्यात जातोच', असं म्हटलं की वर्ग हसायचा, संकल्पना डोक्यात बसायची, आणि आम्ही खूश व्हायचो.

दोनेक वर्षांपूर्वी एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. आता पन्नाशी उलटलेली. वजन फार वाढलेलं, मधुमेह, गुडघे गेलेले. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली होती आणि दोन पर्याय दिले होते. ती म्हणाली, "सर, बायपास करू की स्लीव्ह?" आम्ही म्हटलं, अगं, हे आम्हाला काय विचारतेस? तर म्हणाली, "डॉक्टर काय करायचं ते सांगतात. तुम्ही विचार कसा करायचा ते सांगा. आणि सर, तुमचा लाडू मला अजून आठवतो. मी पहिल्या बाकावर बसायचे."

त्या वाक्यानंतर आम्ही वाचायला बसलो. जे वाचलं ते आज सांगतो.

सुरुवात शस्त्रक्रियेच्या टेबलावरून नको, फुटबॉलच्या मैदानाखालून करू. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठ आहे. तिथल्या स्टेडियमच्या खालच्या खोल्यांत ॲन्सेल कीज या शरीरशास्त्रज्ञाची प्रयोगशाळा होती. १९४४-४५ साली त्यानं तिथे उपासमारीचा प्रयोग केला. युद्धात युरोप उपाशी होता, त्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे शोधायचं होतं. प्रयोगासाठी ३६ तरुण पुढे आले. हे सगळे सदसद्विवेकापोटी लढायला नकार दिलेले. म्हणजे पाहा, अख्खा देश युद्धावर निघालेला असताना, लोकांची टीका सोसून, 'मी बंदूक धरणार नाही' म्हणणारी ही माणसं. मनोनिग्रहाची परीक्षा घ्यायची तर याहून चांगली निवड सापडणं अवघड.

सुमारे २४ आठवडे त्यांना निम्म्यावर अन्न दिलं. वजन साधारण एक-चतुर्थांश उतरलं. आणि ही निग्रही माणसं अन्नाखेरीज कशाचाही विचार करेनाशी झाली. पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली, ताटल्या चाटायला लागली, जेवण तासन्‌तास पुरवून खायला लागली. काहींनी चोरून खाल्लं. खाणं पुन्हा सुरू झाल्यावरही कित्येकांची भूक भागेना. ॲरिस्टॉटल वाचलेल्या माणसानं इथे थांबायला हवं होतं. आम्ही थांबलो नाही, कारण हा प्रयोग आमच्या वाचनात आलाच नव्हता. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथालयात तो ठेवत नाहीत.

आता योगायोग असा की याच मिनेसोटा विद्यापीठात, नऊ-दहा वर्षांनी, लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला गेला. १९५४ साली क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांचा निबंध प्रसिद्ध झाला. लहान आतड्याचा कुठला भाग काय शोषून घेतो हे त्यांनी कुत्र्यांवर तपासलं होतं, आणि त्याच्या जोडीला एका रुग्णावरच्या शस्त्रक्रियेची हकीकत होती. कल्पना सरळ होती. आतडं म्हणजे लांब नळी. अन्न त्या नळीतून जाताना अंगात मुरतं. नळी आखूड करा, कमी मुरेल, वजन उतरेल. याच सुमारास स्वीडनमध्ये गोथेनबर्गला हेन्रिक्सन या शल्यविशारदानं लहान आतड्याचा मोठा तुकडाच काढून टाकून पाहिला होता.

पुढे लॉस एंजेलिसमध्ये पेन आणि डीविंड यांनी हे मनावर घेतलं. त्यांनी आधी लहान आतड्याचा वरचा भाग थेट मोठ्या आतड्याला जोडला. १९६३ साली दहा रुग्णांचा अहवाल आला. वजन उतरलं खरं, पण जुलाब थांबेनात, शरीरातले क्षार वाहून जायला लागले. जोडणी उलटवावी लागली. मग त्यांनी बेत सुधारला. लहान आतड्याच्या सुरुवातीचे १४ इंच शेवटच्या ४ इंचांना जोडायचे. वीसेक फुटांची वाट दीड फुटावर. मधलं आतडं पोटातच, पण बंद गल्लीसारखं पडून. ही शस्त्रक्रिया १९७०च्या दशकात हजारो लोकांवर झाली. वजनं धडाधड उतरली. आणि मग मूत्रपिंडात खडे, सांधेदुखी, हाडं ठिसूळ होणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे यकृत निकामी होणं. काही माणसं दगावली. कित्येकांना पुन्हा टेबलावर घेऊन आतडं पूर्ववत जोडावं लागलं, आणि वजन जिथून निघालं होतं तिथे परत गेलं.

या प्रकरणातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्याच दशकात काही अभ्यासकांनी हे रुग्ण किती खातात ते मोजलं. त्यांचं खाणंच बरंच कमी झालेलं होतं. वजन उतरण्यात न मुरलेल्या अन्नापेक्षा न खाल्लेल्या अन्नाचा वाटा मोठा दिसत होता. आता जठराला तर कुणी हात लावलेला नव्हता. मग भूक कुणी कमी केली? प्रश्न विचारला गेला, पण तेव्हाच्या भाषेत त्याला उत्तर नव्हतं. तो तसाच पडून राहिला, आणि पुढची पंचवीस वर्षं शल्यविशारद नळीकडून पिशवीकडे वळले.

पिशवी म्हणजे जठर. इथे एडवर्ड मेसन हे नाव लक्षात ठेवा. आयोवा विद्यापीठातला शल्यविशारद. त्या काळी जठरातल्या व्रणासाठी, म्हणजे अल्सरसाठी, जठराचा मोठा भाग कापून टाकत असत. अशा रुग्णांचं वजन घटतं आणि काही केल्या वाढत नाही, ही डॉक्टरांची जुनी तक्रार. मेसननं तक्रारीतच उपाय पाहिला. १९६६ साली त्यानं आणि चिकाशी इटो यांनी जठर वरच्या बाजूला आडवं विभागलं, वरचा छोटा कप्पा आतड्याला जोडला, खालचं मोठं जठर तसंच ठेवलं पण अन्नाच्या वाटेतून बाजूला काढलं. १९६७ साली निबंध आला. हाच गॅस्ट्रिक बायपास. जठर दोन जागी, अन्न एकाच जागी.

पहिल्या रचनेत एक खोट होती. आतड्याचा वळसा तसाच वर आणून जोडल्यामुळे पित्त कप्प्यात उलटं यायचं. १९७७ साली केंटकीत ग्रिफननं त्यावर जुनाच तोडगा वापरला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोझानच्या सेझार रू या स्विस शल्यविशारदानं आतडं जोडण्याची एक पद्धत काढली होती. आतडं मधे तोडायचं, खालचं टोक वर आणून जठराला जोडायचं, आणि पित्त-स्वादुरस घेऊन येणारं वरचं टोक बरंच खाली आडव्या बाजूनं जोडायचं. इंग्रजी 'वाय' अक्षरासारखं दिसतं. एका फांदीतून अन्न, दुसरीतून पाचक रस, खाली संगम. ग्रिफननं या बायपासची जुन्या आतड्याच्या बायपासशी समोरासमोर तुलना केली. वजन जवळपास तितकंच उतरलं, यकृताची हानी मात्र टळली. तिथून नळीचा जमाना ओसरला.

आणि आता गंमत पाहा. ज्या मेसननं बायपास आणला, तोच त्याच्यापासून दूर गेला. त्याचं म्हणणं असं, की निसर्गानं घातलेली वाट मोडायची कशाला? बी-१२, लोह, कॅल्शियम यांची कमतरता आयुष्यभराची होते. पिशवी लहान केली की पुरे. म्हणून १९८०च्या सुमारास त्यानं नवी रचना केली. जठराच्या उजव्या कडेनं स्टेपलरनं उभी शिवण घालायची, छोटी उभी कुपी तयार करायची, आणि तिच्या तोंडाशी जाळीचा पट्टा बांधायचा, म्हणजे तोंड सैल पडणार नाही. आतड्याला धक्का नाही. तर्कशुद्ध, सोपी, सुरक्षित. अमेरिकेत आणि युरोपात १९८०च्या दशकात ती भराभर पसरली. आम्ही त्या काळी शल्यविशारद असतो तर हीच केली असती. तत्त्वज्ञाला कमीत कमी गृहीतकांची रचना आवडतेच.

ती टिकली नाही. १९८७ साली व्हर्जिनियात शुगरमननं ४० रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. निम्म्यांना मेसनचा नवा पट्टा, निम्म्यांना जुना बायपास. बायपासवाले स्पष्टपणे पुढे गेले. का? तर पट्ट्यातून पोळी, भाकरी, मांस अडकतं, उलटी होते. आइस्क्रीम आणि चॉकलेट मात्र विरघळून सुखानं खाली उतरतं. रुग्ण हळूहळू मऊ-गोड खायला लागतात. मग निबंधांतून एक वर्ग तयार झाला : 'गोडखाऊ'. आणि सल्ला निघाला, की गोडखाऊ माणसाला पट्टा बांधू नका.

हा शब्द वाचला तेव्हा आम्हाला आमचा लाडू दिसला. कारण बघा कसं झालं. भूक तशीच ठेवून दार अरुंद केलं. भुकेनं जे दारातून जाईल ते शोधलं. आणि अपयश नोंदवलं गेलं रुग्णाच्या स्वभावाच्या खात्यावर. शुगरमनवर आमचा राग नाही, त्यानं तर प्रामाणिकपणे तुलना केली म्हणूनच हे दिसलं. पण तो शब्द रुग्णांना पुढे अनेक वर्षं चिकटला. मेसनच्या बाबतीत एक सांगायला हवं. लठ्ठपणाच्या शल्यविशारदांची अमेरिकन संघटना १९८३ साली उभी राहिली तिचा तो पहिला अध्यक्ष. १९८६ साली त्यानं आयोवात नोंदवही सुरू केली, सगळ्यांनी आपापले रुग्ण त्यात नोंदवावेत म्हणून. आपल्या आवडत्या शस्त्रक्रियेचाही हिशेब ठेवला जावा ही सोय करून ठेवणारा माणूस. २०२० साली शंभरी पूर्ण करून गेला.

इटलीत जिनोआला स्कोपिनारो नावाच्या गृहस्थानं १९७९ साली नळीचा मार्ग सुधारून पुन्हा आणला. त्यात वजन सगळ्यात जास्त उतरतं आणि उतरलेलं टिकतं, पण प्रथिनांची आणि जीवनसत्त्वांची तूट भरून काढत बसावं लागतं. जगभरात ती थोड्याच ठिकाणी होते.

पिशवीवाद्यांचा शेवटचा आणि सगळ्यात देखणा प्रयोग म्हणजे बँड. सिलिकोनचं कडं जठराच्या वरच्या भागाभोवती बसवायचं. कड्याच्या आत फुगा, फुग्याला नळी, नळीचं तोंड कातडीखाली. बाहेरून सुईनं क्षारपाणी भरलं की कडं आवळतं, काढलं की सैल होतं. १९८६ साली कुझमाकनं अमेरिकेत ते वापरलं, स्वीडनमध्येही त्याच सुमारास तसंच कडं झालं. १९९३ साली बेल्जियममध्ये बेलाशूनं ते दुर्बिणीतून बसवलं. काही कापायचं नाही, काही शिवायचं नाही, नको झालं तर काढून टाका. २००१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मान्यता दिली आणि जाहिरातींचा पूर आला. तिथल्या संघटनेच्या अंदाजानुसार २०११ साली अमेरिकेतल्या अशा शस्त्रक्रियांपैकी ३५ टक्के बँडच्या होत्या. २०१६ साली? साडेतीन टक्क्यांच्याही खाली. कडं सरकतं, जठरात रुततं, आणि मुख्य म्हणजे वजन पुरेसं उतरत नाही. दहा वर्षांत अनेकांची कडी काढावी लागली. पिशवीचं तोंड आवळलं की माणूस कमी खाईल, या सिद्धान्ताची इतकी स्वच्छ परीक्षा दुसरी झालेली नाही, आणि तो तीत नापास झाला.

मग आली स्लीव्ह. म्हणजे बाही, सदऱ्याची असते तशी. जठराचा डावीकडचा फुगीर भाग, जवळजवळ तीन-चतुर्थांश ते ऐंशी टक्के, उभा कापून कायमचा काढून टाकायचा. उरते एक सरळ नळकांडी. आतडं जिथल्या तिथे. ही स्वतंत्र शस्त्रक्रिया म्हणून कुणी शोधलीच नाही. ती एका मोठ्या, दुहेरी शस्त्रक्रियेचा पहिला भाग होती. न्यूयॉर्कमध्ये गॅग्नर आणि त्याचे सहकारी २०००च्या आसपास अतिशय वजनदार रुग्णांवर दुर्बिणीतून काम करत होते. सगळं एका वेळी केलं तर रुग्ण दगावण्याची भीती. म्हणून आधी नुसती बाही शिवायची, वजन थोडं उतरलं की काही महिन्यांनी आतड्याचं काम करायचं, असं ठरलं. पण पहिल्या टप्प्यानंतरच काहींचं वजन इतकं उतरलं की दुसरा टप्पा राहूनच गेला. अर्धवट सोडलेलं काम जगातली सगळ्यात जास्त केली जाणारी पद्धत झालं. अमेरिकेत २०१६ साली ५८ टक्के स्लीव्ह होत्या, बायपास १९ टक्क्यांच्या आत.

आता कुणीही विचारेल, बँडही पिशवी लहान करतो आणि स्लीव्हही. मग एक का फसला आणि दुसरी का चालली?

याचं उत्तर दोन ठिकाणांहून आलं. पहिलं नॉर्थ कॅरोलिनातून. तिथे पोरीस नावाचा शल्यविशारद बायपास करत असे. १९९५ साली त्यानं आपल्या रुग्णांचा हिशेब मांडला. प्रौढपणी होणारा मधुमेह असलेले १४६ रुग्ण, त्यांपैकी १२१ जणांची साखर ताळ्यावर आलेली. आणि ती वजन उतरण्याची वाट पाहत बसली नव्हती. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच, माणूस तितकाच जाड असताना, इन्सुलिन बंद करावं लागत होतं. पिशवीच्या किंवा नळीच्या सिद्धान्तात याला जागाच नाही. पोरीसच्या निबंधाच्या शीर्षकातही आश्चर्यच होतं.

दुसरं उत्तर जपानमधून. १९९९ साली कोजिमा आणि कांगावा यांनी जठरातच तयार होणारा एक संप्रेरक शोधला, घ्रेलिन. तो रक्तात वाढला की भूक लागते. आणि तो मुख्यतः बनतो जठराच्या त्याच वरच्या फुगीर भागात, जो स्लीव्हमध्ये कापून टाकतात आणि बँडमध्ये जागेवर राहतो. २००२ साली कमिंग्ज आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. पथ्यानं वजन उतरवलेल्यांचं घ्रेलिन २४ टक्क्यांनी वाढलेलं होतं. म्हणजे तुम्ही निग्रहानं जितकं उतरवाल, तितकी भूक शरीर वाढवणार. बायपास केलेल्यांचं मात्र अगदी खाली गेलेलं. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत बायपासनंतरचं घ्रेलिन इतकं घटलेलं दिसलं नाही, वादही झाले. पण तोवर आतड्याच्या खालच्या टोकाची संप्रेरकंही मोजली जात होती. बायपासनंतर अन्न तिथे लवकर पोहोचतं आणि 'जीएलपी-१' नावाचं, पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारं आणि इन्सुलिनला हाक मारणारं संप्रेरक जेवणानंतर पुष्कळ पटींनी वाढतं. आज ज्या इंजेक्शनांची सगळीकडे चर्चा आहे ती याच संप्रेरकाची नक्कल करतात.

म्हणजे आतड्याच्या बायपासमध्ये पडून राहिलेला प्रश्न, जठराला हात न लावता भूक कुणी कमी केली, त्याचं उत्तर इतक्या वर्षांनी दिसायला लागलं. जठर आणि आतडं मेंदूशी सतत बोलत असतात, आणि ज्या शस्त्रक्रियेनं ते बोलणं बदललं ती चालली.

मिनेसोटातले ते ३६ तरुण आठवा. त्यांना कळत होतं. त्यांचं वळणही पक्कं होतं. तरी ताटली चाटायची वेळ आली. मग ज्याच्या शरीराला १२० किलो हेच आपलं वजन वाटतं, त्यानं ते ९० वर आणलं की त्याचं शरीर त्या उपाशी तरुणांसारखंच ओरडत असणार. आम्ही त्याला अक्रेसिया म्हणत होतो. ॲरिस्टॉटलची संकल्पना खोटी ठरली असं आमचं म्हणणं नाही. ती लोभाला, क्रोधाला, निवडणुकीतल्या पैशाला खुशाल लावा. आमचं उदाहरण खोटं होतं.

आणि इथे आपल्याच ग्रंथाची आठवण येते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एक अध्याय आहे, 'अष्टौनिन्दितीय', आठ निंदित शरीरांचा. त्यात अतिस्थूल आणि अतिकृश दोघंही आहेत. नाव ऐकून वाटतं आता झोडपणार. आणि आळस, दिवसाची झोप, गोड-जड आहार ही कारणं तो सांगतोच. पण त्याच यादीत 'बीजस्वभाव'ही आहे, म्हणजे आईबापांकडून आलेलं. आणि पुढे तो म्हणतो, की मेदानं वाटा अडल्यामुळे वायू कोठ्यातच फिरत राहतो, अग्नी फुलवतो, म्हणून स्थूल माणसाला भूक अधिक लागते. वायू आणि अग्नीचं शरीरशास्त्र आज आपण मानत नाही, आणि 'आमच्याकडे सगळं आधीच होतं' या पंथातले आम्ही नाही. पण भूक हा आजाराचाच भाग आहे, हे त्यानं पाहिलं होतं. अध्यायाच्या नावातला निंदेचा शब्द तेवढा समाजानं उचलला, बाकीचा अध्याय कुणी वाचला नाही.

आता तुलनेकडे येऊ, कारण विद्यार्थिनीचा प्रश्न तोच होता. तुलना करताना पहिली फसगत टक्क्यांत होते. समजा माणूस १३० किलोचा आहे, त्याचं योग्य वजन ७० धरलं. ६० किलो जास्त. त्याचे ३६ किलो उतरले. जाहिरात म्हणेल, जादा वजनाचे ६० टक्के गेले. दुसरा म्हणेल, एकूण वजनाचे २८ टक्के गेले. दोन्ही खरं. छेद कुठला घेतलाय ते न विचारता आकडा घरी नेऊ नये. दुसरी फसगत काळाची. पहिल्या वर्षी सगळ्याच पद्धती छान दिसतात.

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेला मोठा अभ्यास याबाबत उपयोगी आहे. शस्त्रक्रिया झालेले २०१० लोक आणि तशाच वयावजनाचे, शस्त्रक्रिया न झालेले २०३७. पहिल्या एक-दोन वर्षांत बायपासवाल्यांचं एकूण वजन ३२ टक्के उतरलं, मेसनच्या उभ्या शिवणीवाल्यांचं २५, बँडवाल्यांचं २०. दहा वर्षांनी तेच आकडे २५, १६ आणि १४. २००७ साली मृत्यूंचा हिशेब आला. सरासरी अकराएक वर्षांत शस्त्रक्रियेविना राहिलेल्यांपैकी १२९ गेले, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १०१. फरक आहे, आणि खरा आहे. पण 'जीव वाचवणारी शस्त्रक्रिया' ही तीन शब्दांची पाटी लावताना हे दोन आकडे शेजारी लिहावेत असं आम्हाला वाटतं.

स्लीव्ह आणि बायपासची चिठ्ठ्या टाकून तुलना फिनलंड आणि स्वित्झर्लंडमध्ये झाली, दोन्हींचे पाच वर्षांचे निकाल २०१८ साली आले. फिनलंडच्या २४० रुग्णांत जादा वजनापैकी स्लीव्हनं ४९ टक्के गेलं, बायपासनं ५७. बायपास थोडा पुढे, पण फार नाही. खरा फरक दुसरीकडे दिसला. स्विस अभ्यासात स्लीव्हनंतर छातीतली जळजळ, आंबट पाणी वर येणं, हे जवळपास ३२ टक्के लोकांत वाढलं, बायपासनंतर ६ टक्क्यांत. फिनलंडमध्ये दहा वर्षांनी दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्या ३१ टक्क्यांत, बायपासवाल्या ७ टक्क्यांत. उलट बायपासचे आपले त्रास आहेतच. गोड खाल्लं की घाम, धडधड. आतडं आतल्या फटीत अडकून अचानक शस्त्रक्रिया. लोह, बी-१२, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर. आणि दारू पटकन चढते, काहींना त्याचं व्यसन लागतं.

एक मुद्दा आपल्या घरचा. १९९१ साली अमेरिकेत तज्ज्ञांनी मर्यादा घातली : बीएमआय ४०, किंवा सोबत आजार असतील तर ३५. वजनाला उंचीच्या वर्गानं भागायची ही रीत एकोणिसाव्या शतकातल्या केटले या बेल्जियन गणितज्ञाची, आणि 'बीएमआय' हे नाव १९७२ साली दिलं ते आपल्या त्याच ॲन्सेल कीजनं. पण हा आकडा चरबी मोजत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेटमध्ये आपला दोघांचा फोटोच छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. भारतीय माणूस कमी वजनातच मधुमेहाला गाठतो, हे त्यातून साऱ्या जगाला दिसलं. त्यामुळे २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेची मर्यादा २७.५ वर आणली आहे.

इथे मात्र आम्ही अडखळतो. १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईचं वजन बीएमआय ३५ला सुमारे ९० किलो होतं, २७.५ला ७०. सत्तर किलोच्या बाईचं ऐंशी टक्के जठर कापून टाकायचं? मधुमेह आवरत नसेल तर कदाचित हो. नुसत्या आकड्यावर, लग्नाआधी, 'पॅकेज'मध्ये, असं होणार असेल तर आमची मान नकारार्थी हलते. भूक हा चारित्र्याचा दोष नाही हे मान्य केलं, म्हणून प्रत्येक भुकेला सुरी लावावी असं होत नाही.

विद्यार्थिनीला आम्ही निवड करून दिली नाही. चार प्रश्न लिहून दिले. तुला आत्ताच आंबट ढेकर, छातीत जळजळ आहे का? मधुमेह किती वर्षांचा, इन्सुलिन चालू आहे का? रोजच्या गोळ्या आणि दरवर्षीच्या रक्ततपासण्या तू वीस वर्षं सांभाळशील का? आणि हे डॉक्टर दहा वर्षांपूर्वीच्या आपल्या रुग्णांपैकी किती जण अजून तपासायला येतात ते सांगतात का? शेवटच्या प्रश्नावर एका ठिकाणी तिला उत्तर मिळालं नाही, म्हणून ती दुसरीकडे गेली. जळजळ तिला जुनी होती. बायपास झाला. आता वजन पुष्कळ कमी आहे, इन्सुलिन बंद आहे, केस गळले त्यावर चिडलेली असते, आणि लोहाची गोळी विसरते.

दिवाळीत ती घरी आली होती. आमच्या मंडळींनी सवयीनं लाडवांची ताटली पुढे केली. तिनं अर्धा घेतला, चार घास चावून चावून खाल्ला आणि उरलेला ठेवून दिला. म्हणाली, "सर, आता मला तो मनात बोलावत नाही. तेव्हा बोलवायचा. तुम्ही शिकवत होता तेव्हासुद्धा." आम्ही तिची माफी मागितली. ती म्हणाली, राहू दे हो सर, परीक्षेत मी तेच उदाहरण लिहिलं होतं, दहापैकी आठ दिले होते तुम्ही.

तांब्यातलं पाणी जरा इकडे द्या. आता प्रश्न घेऊ.